गाण्यांचं कुलूप

मोबाईल दुरुस्तीवाला सलूनच्या खुर्चीत बसला होता. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल साफ, आणि मांडीवर सलूनच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड. त्याने गाणं एका प्लेअरमध्ये टाकून पाहिलं, मग दुसऱ्यात, मग पेन ड्राइव्हवरून आणलेल्या भलत्याच कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये. पडद्यावर दर वेळी तेच उमटलं: हे गाणं वाजवण्याची परवानगी नाही.

"च्यायला! गाणं विकत घेतलेलं, आणि वर परवानगी कसली मागतंय?" तो म्हणाला. "हे कुलूप ज्याने कुणी बनवलं ना काका, त्याला एकदा याच खुर्चीत बसवा. आणि वस्तरा माझ्या हातात द्या."

सलूनवाल्या अण्णांनी त्याची हनुवटी वर केली आणि उरलेली दाढी उतरवायला घेतली.

मागच्या बाकावर त्यांची मुलगी टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते कुलूप तिनेच बनवलं होतं.

गाणी विकणाऱ्या कंपनीतली तिची ती पहिली नोकरी. विकलेलं गाणं, ज्या कॉम्प्युटरवर घेतलं त्यावरच्या कंपनीच्या प्लेअरशिवाय, दुसऱ्या कशावरही वाजू नये, एवढं तिचं काम. तिने ते जीव ओतून केलं. सगळी गल्ली गाणी फुकटात कॉपी करत होती तेव्हा अण्णांनी, पोरीची कंपनी म्हणून, सलूनसाठी ढीगभर गाणी तिथून विकत घेतली. पुढे कंपनीच बुडाली. मुलगी बॅगा घेऊन घरी आली तर सलून चिडीचूप. जुना कॉम्प्युटर फार रखडायला लागला म्हणून वर्षापूर्वीच माळ्यावर गेला होता, आणि नव्यावर त्यातलं एक गाणं वाजेल तर शपथ. दिवसभर नुसती कात्रीची कचकच.

बापाच्या दुकानाला आपणच टाळं लावलं, हे तिच्या मनातून जाईना. भरीत भर गल्लीतली माणसं. सकाळी कोपऱ्यावर वाचनालयाचे ग्रंथपाल भेटले. कधी कुणाकडे मान वर करून न बघणारा माणूस, पण आज चक्क सायकलवरून उतरून त्यांनी तिला नमस्कार केला. काल औषधवाला तिला बघून गिऱ्हाईक सोडून उठून उभा राहिला. नोकरी गेली म्हणून कीव करताहेत मेले, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. बाकी काहीही सोसलं असतं तिने, पण कीव नाही.

मोबाईलवाल्याने तोंड पुसलं आणि दाढीचे पैसे गल्ल्यापाशी ठेवले. "उद्या परत येतो," तो म्हणाला. "मी काही हार मानणाऱ्यातला नाही."

"या की," अण्णा म्हणाले. "दुकान आपलंच आहे."

तो गेल्यावर तिला राहवेना. "अण्णा, तो बिचारा तुमच्या गाण्यांसाठी एवढा खपतोय, आणि त्याच्याकडून पैसे कसले घेता?"

"घ्यायचेच असतात," अण्णा म्हणाले आणि वस्तरा धुवायला वळले.

दुपारी ते घरी जेवायला गेले, तशी ती माळ्यावर चढली. जुना कॉम्प्युटर खाली काढला, फडक्याने पुसला. कुरकुरत का होईना, तो सुरू झाला. त्यावर कंपनीचा प्लेअर तसाच होता आणि त्याची परवानगीही शाबूत होती. कुलूप बनवताना तिने वरिष्ठांशी भांडून त्यात एक खिडकी ठेवायला लावली होती. या प्लेअरमधून गाण्यांची साधी सीडी बनवता यायची, आणि साध्या सीडीला कुलूप नसतं. तिने सीडी बनवली, नव्या कॉम्प्युटरमध्ये घातली आणि गाणी त्यात उतरवून घेतली. अण्णा परत येऊन खुर्ची पुसायला लागले, तेव्हा तिने नव्या प्लेअरवर पहिलं गाणं लावलं.

सलूनभर क्लॅरिनेट घुमली. अण्णांच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला की तिचेच डोळे भरून आले. आणि मग ते धावत सुटले.

"बंद कर! अगं, आधी बंद कर! बाहेर ऐकू जाईल!"

बटण त्यांनी स्वतःच दाबलं. मग दारातून मान काढून गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.

तिचा धीर सुटला. "अण्णा, एवढे रागावलात? ते कुलूप... ते मीच बनवलं होतं."

"मला काय सांगतेस? तूच तर फोनवर ओरडत होतीस, असं कुलूप केलंय अण्णा, कुणाच्या बापाला उघडणार नाही!"

"मग वर्षभरात मला एक फोन का नाही केलात? दुकान मुकं ठेवलंत, आणि येईल त्याच्या हातापाया पडत बसलात, उघडून द्या म्हणून!"

"हातापाया? आणि मी?" अण्णांना हसू आवरेना. "अगं, पैज लावलीय मी, पैज! गाणं वाजवून दाखवेल त्याची दाढी फुकट. ग्रंथपाल येऊन गेले, औषधवाला येऊन गेला, अर्धी गल्ली या खुर्चीत बसून गेली. आजवर एकाचीही फुकट झालेली नाही."

त्यांनी सीडी काढून तिच्या हातात ठेवली. "ही घरी लावू, आपण दोघं मस्त ऐकू. इथे मात्र तो मोबाईलवाला हरेपर्यंत आवाज नको."

"आणि हरल्यावर काय?"

अण्णांनी पडलेलं फडकं उचललं आणि ऐटीत खांद्यावर टाकलं.

"आजवर हरलेल्या एकेकाला सांगत आलोय तेच, कुणाच्या पोरीने बनवलंय ते."