मधल्या जागेतलं पान

“आज पुन्हा पान नाहीसं झालं, तर मी आपला कागदावरच बरा,” खांबेटेकाकांनी ऋजुताला बजावलं आणि माऊस हातात घेतला.

दोन जुन्या पोथ्यांची पानं एकमेकांत मिसळली होती. त्यांचे फोटो वेगळे लावण्यासाठी ऋजुताने काकांना सॉफ्टवेअर करून दिलं होतं. प्रत्येक पोथीची एक विंडो, प्रत्येक पानाचा एक टॅब. या विंडोतून ओढायचा, त्या विंडोत सोडायचा. पण कुठलंही पान उचललं की आधी उजेडाकडे धरून न्याहाळायची काकांची चाळीस वर्षांची सवय. ते टॅब अर्ध्या वाटेत सोडून बघत बसत, आणि दोन्ही विंडोंच्या बाहेर पडलेला टॅब त्यांच्या टिपणांसकट पुसला जाई.

“मध्येच कोण सोडतं हो, काका?” ती आधी चिडली होती. मग दोन दिवस ती त्यांचा हातच बघत राहिली, आणि तिने त्या मधल्या जागेसाठी नव्याने कोड लिहिला.

काकांनी एक पान ओढलं आणि सवयीने अर्ध्यावरच बोट उचललं. पण पान गेलं नाही. स्वतःची छोटीशी विंडो होऊन ते निळ्या पडद्यावर, तळ्यात होडी थांबावी तसं, एकटंच थांबलं. टिपणंही शाबूत होती.

काका कितीतरी वेळ पुढे झुकून बघत राहिले.

“आता टाका ना त्या विंडोत.”

“कसं टाकू, पोरी?” ते हळूच म्हणाले. “हे अक्षर या दोन्ही पोथ्यांमधलं नाहीच. ही तिसरीच कुठली तरी पोथी आहे.”