एकशे एकावा प्रश्न

१९९८ साली अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या एका घरात तिथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी चालली होती. मटार सोलता सोलता शरयू पुस्तकातले शंभर प्रश्न विचारायची आणि तिचे यजमान, मुकुंदराव, ऐटीत उत्तरं द्यायचे.

"पहिला अध्यक्ष?"

"वॉशिंग्टन! माझं पाठ आहे गं. तूच नापास होशील."

"आता अर्जातला प्रश्न. मुलाखतीत शपथेवर विचारतात. एकाच वेळी दोन बायका केल्यात का?"

"कसले प्रश्न विचारतात लेकाचे! नाही."

शरयूनं ताटाखालून फोटो काढला. नाशिकच्या देवळात मुंडावळ्या बांधलेले मुकुंदराव आणि शेजारी दुसरीच नवरी.

"अहो, त्या बिचारीला खरं कळलं, तेव्हा तिनंच पाठवला. त्याला अकरा वर्षं झाली. तुम्हाला शपथेवर बोलावं लागेल, त्या दिवसाची वाट पाहत होते. खोटं बोललात, तर फोटो घेऊन मीही येईन."

मुकुंदराव मुलाखतीला गेलेच नाहीत. शरयू पहिल्या झटक्यात पास झाली. नाशिकच्या बाईला तिनं शपथविधीचा फोटो धाडला. "ताई, बरं केलंत," एवढंच उत्तर आलं. मुकुंदराव मात्र हयात असेतो दर निवडणुकीला शरयूला मतदानाला सोडायचे आणि बाहेर गाडीत बसून राहायचे.