मनाउसची मोहीम

"थिएटर! भर जंगलात! डोकी आहेत का त्या लोकांना?" सोफ्यावर पसरून व्हॅलेंटाईन मोबाइलवरचे फोटो दाखवत होता.

फ्लॉरेन्सने इस्त्री जोरात आपटली. नवऱ्याला तिने फोटो काढायला पाठवलं नव्हतं. मस्कतहून अर्ध्या जगापलीकडे, ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस नावाच्या त्या जुन्या बंदरात त्यांची कॅन्डिस कुणा बोटवाल्याशी लग्न करायला निघाली होती. ते मोडून पोरीला मस्कतला, वादी अदाईतल्या घरी आणायचं, एवढंच काम होतं. फ्लॉरेन्सला हॉटेलातून रजा मिळाली नाही, म्हणून हे ध्यान पाठवावं लागलं. आणि आज ध्यान एकटंच परत आलं होतं.

"रबराच्या पैशावर माजले होते नुसते. दगड म्हणे युरोपातून आणले. रबर गेलं, खलास! नदी तर काळी ढुस्स. आणि बंदराचा धक्का तरंगतो, बोल! पाणी चढलं की तो चढतो, उतरलं की उतरतो. जावईपण तसलाच, कशालाही हो-हो करणारा."

इस्त्री थांबली. "जावई?"

व्हॅलेंटाईनने मोबाइल उलटा ठेवला.

"लग्न लावून आलात? अहो, मोडायला गेला होता ना तुम्ही? एक काम धड जमत नाही!" फ्लॉरेन्सचा आवाज चिरकला. वसईला तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी अख्खी आळी वाजतगाजत विहिरीवर गेली होती. त्या पाण्याने आईने तिला आंघोळ घातली होती. "आणि माझ्या पोरीला काय, नळाखाली उभी केली?"

"नाही गं." तो मान खाली घालून म्हणाला, "आदल्या दिवशी ती माझ्या हॉटेलवर आली, भाताचं पातेलं घेऊन. म्हणाली, डॅडी, मम्मी नाय ना, मग पाणी कोण आणनार?"

"मग?"

"मग काय, उतरलो नदीत. पातेलं डोक्यावर घेतलं, बाजारातून चालत गेलो."

फ्लॉरेन्सला रडू आवरेना, पण हेटाळणीही सुटेना. "आणि गाणी? पाण्याला जाताना बायका गाणी म्हणतात, ती कुणी म्हटली?"

"बायका कुठे होत्या?" व्हॅलेंटाईन म्हणाला. "आठवली तेवढी मीच म्हटली."