सासूबाईंचा खटारा

"बघ गं, तुझं पान आजही रुसलंय," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने पर्स बाजूला टाकून खुर्ची ओढली. दवाखान्यात नंबर लावायचं, तिनेच बनवलेलं वेबसाइटचं पान. ऑफिसातल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये झकास चालणारं. इथे, सासूबाईंच्या जुनाट कॉम्प्युटरवर मात्र बटण कितीही दाबा, ढिम्म. उद्या सकाळी ते लोकांसाठी खुलं होणार होतं.

दुपारीच साहेबांशी तिची जुंपली होती. "अहो, असला खटारा आता वापरतंय कोण?"

"माझ्या सासूबाई," ती म्हणाली आणि अख्खं ऑफिस खो खो हसलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कितीतरी घरांत अजून असलेच डबे होते. दुखणाईत माणसाने बटण दाबत बसायचं आणि यांनी दात काढायचे! "उद्या सकाळपर्यंत चालवून दाखवते," ती म्हणाली. "नाही जमलं तर जुन्या कॉम्प्युटरना वगळायचं," साहेबांनी बजावलं.

आता ती पानाच्या कोडची एकेक ओळ तपासू लागली. एका ओळीपाशी जुना ब्राउझर अडत होता. ती नवी आज्ञा त्याच्या डोक्यावरून जायची, आणि पुढचं सगळंच ठप्प व्हायचं. तिने पान चालवणाऱ्या स्क्रिप्टला जरा रीतभात शिकवली. आधी ब्राउझरला विचार, बाबा, हे तुला येतं का? येत नसेल तर त्याला येतं तसं कर.

सासूबाईंनी बटण दाबलं. 'तुमचा नंबर लागला.'

तिने स्वतःच्या लॅपटॉपवर पाहिलं. तिथेही लागला. तिची मान ताठ झाली. कोणी पाहो न पाहो, काम चोख झालं होतं, आणि याचा तिला मनापासून अभिमान वाटला.

नवरा दारातून डोकावला. "आई, आता तरी नवा घेऊया. किती हट्ट करशील?"

या हट्टापुढे तो दरवेळी हात टेकायचा. सुनेलाही आज त्याचंच पटलं. "खरंच घ्या, आई. हा तुम्हाला फार छळतो."

सासूबाई गालात हसल्या.

"मला कशाला छळेल? माझं सगळं कधीपासून फोनवरच चालतं. पण हा भंगारात गेला, तर ऑफिसात तू कोणाच्या नावाने भांडशील?"