डावीकडून येणारी गाडी

"डावीकडचा स्पीकर बाद हाय," गहिनीनाथ म्हणाला आणि त्यानं स्पीकरच्या डोक्यावर एक चापट मारली.

श्रीरामपुरात पिठाची गिरणी चालवणाऱ्या गहिनीनाथाला एकच हौस होती, गाण्याची. औंदा दिवाळीला घरात नवा डेक आला, म्हणून स्पीकर बघायचे होते. दुकानदार श्रीमंतानं स्वस्तातल्या दोन जोड्या एकदमच बांधून दिल्या. एक कंपनीची, काळ्या जाळीची. दुसरी त्यानं स्वतः सुटं सामान आणून सनमायकाच्या खोक्यात बसवलेली. "घरी वाजवून बघा, पटंल ती ठेवा. हे पुस्तकाच्या फळीवर ठेवायचे असतात, आन् ऐकणाऱ्यानं मधोमध बसायचं."

गहिनीनाथाच्या घरात पुस्तकांची फळी नव्हती. मग एक स्पीकर डाळीच्या डब्यांच्या मांडणीवर गेला, दुसरा समोरच्या भिंतीला शिलाई मशीनवर. मध्ये स्टूल टाकून, दाराकडं तोंड आणि डबे डाव्या हाताला करून गहिनीनाथ फोटो काढायला बसल्यासारखा ताठ बसला.

स्पीकर पारखायला श्रीमंतानं एक कॅसेटही दिली होती. तिच्यात गाणं नव्हतं, आगगाडी होती. ती डावीकडून शिट्टी देत यायची, खोलीतून धडधडत जायची आणि उजवीकडं लांब लांब निघून जायची. निदान श्रीमंत तसं म्हणाला होता. गहिनीनाथाची गाडी यायचीच नाही. ती एकदम त्याच्या नाकासमोर उगवायची आणि निघून जायची.

त्यानं जोडी बदलली. सनमायकाच्या खोक्यांतही तेच. वायरी उलटसुलट करून पाहिल्या. डब्यांवरचं खोकं मशीनवर आणि मशीनवरचं डब्यांवर ठेवलं. काहीही केलं तरी डावीकडं ठेवलेला स्पीकर भिंतीपलीकडून पुटपुटल्यासारखा वाजायचा.

"दोन्ही जोड्या फसव्या!" तो उठलाच. "खपत नव्हता तो माल माझ्या गळ्यात मारला. आत्ता जातो आन् श्रीमंत्याच्या टाळक्यात घालतो."

"कशापायी रं?" शेजारच्या झुंबरबाई दारात उभ्या होत्या. "चांगली गाडी येती की. त्या डाळीच्या डब्यामागनं आली, तर मी आपली बाजूला झाले."

"कुठनं आली?"

"डाळीच्या डब्यामागनं. भवानी शिट्टी घालतीया!"

गहिनीनाथाची बायको पुष्पावती इतका वेळ कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"अवो, जरा उलटं बसा."

"म्हंजे?"

"दाराकडं पाठ आन् मागच्या भिंतीकडं तोंड करा." आणि तो काही म्हणायच्या आत तिनं त्याला खांद्याला धरून स्टुलावर फिरवलं. कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली.

"आली!" गहिनीनाथ ओरडला. "डब्यामागनंच आली! ऐक, ऐक, कशी येती..." गाडी खोलीच्या मध्यावर आली आणि त्याचा चेहरा पडला. "आता जात न्हाई. मशीनवरचाबी बाद झाला का काय?"

पुष्पावतीनं डेक बंद केला. ती त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलली. झुंबरबाईंनी पदर तोंडाशी नेला. गहिनीनाथ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसून राहिला. मागून खुसखुस ऐकू आली, तेव्हा कुठं तो दाराकडं वळला.

"काय झालं? हसताय कशाला, मावशी?" त्याला एकदम शंका आली. "ही काय म्हनली?"

"मला न्हाई बाई सांगता यायचं. नवऱ्याला असं बोलत्यात व्हय गं?"

गहिनीनाथानं सावकाश उजव्या कानात बोट घातलं. सगळं घर गप झालं. गल्लीतली पोरं गेली, सायकलच्या घंटा गेल्या. झुंबरबाईंचे ओठ नुसतेच हलत राहिले.

गिरणीचा पट्टा त्याच्या डाव्या हाताला, कानठळ्या बसवत फिरायचा. दळण टाकायला रोज तिकडंच वाकायचं. गिऱ्हाईक काय, गिरणीत ओरडूनच बोलतं. त्यामुळं एवढ्या वर्षांत संशय यायचं कारणच पडलं नव्हतं. त्यानं बोट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मग काहीतरी सुचलं आणि कोर्टातून निर्दोष सुटल्यासारखा त्याचा चेहरा उजळला.

"मग बघ! तू म्हनायचीस, हे मुद्दाम बोलत न्हाईत. मला ऐकूच येत नव्हतं!"

पुष्पावती हसली नाही.

"भटजींनी लग्नात तुमच्या डाव्या अंगाला बसवलं," ती म्हणाली, "तवापासून मी तिकडंच बसती. जेवताना तिकडं, झोपताना तिकडं. गिरणीत शेवयाचं मशीन घेऊ म्हनलं हुतं. मी चालवीन म्हनलं. तुमी काहीच बोलला न्हाई. मी समजले, नको म्हनता."

"शेवयाचं मशीन? आपल्या गिरणीत?" गहिनीनाथ आ वासून बघत राहिला. "अगं, लई चाललं असतं की ते! कधी म्हनलीस?"

"धाकट्या दिराच्या लग्नाच्याबी आधी."

त्या दिराची पोरं आता शाळेत जात होती. गहिनीनाथानं मान खाली घातली. त्यानं उगाच एका स्पीकरची जाळी बोटानं पुसली.

"मग गहिनी, जोडी कशाला घेतो?" झुंबरबाई म्हणाल्या. "एकच घे की."

गहिनीनाथाला फस्सकन हसू आलं. बायकोकडं बघून त्यानं ते गिळलं.

पुष्पावतीनं डेकची पिन काढली. हात पदराला पुसले. कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची उचलून तिनं नवऱ्याच्या उजव्या बाजूला, अगदी कानाला लागून ठेवली आणि ऐसपैस बसली. झुंबरबाईही आवाज न करता उंबऱ्यावर टेकल्या.

"हं," पुष्पावती म्हणाली, "आता पहिल्यापासून सांगते."