मुका गोल

बाईंनी लेकीची वही उघडली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लेक पाचपर्यंत यायची नव्हती. तरी बाईंनी दाराला आतून कडी घातली.

वहीतली भाषा आपलीच, अक्षरं तेवढी कोरियन. कुणाला वाचता येऊ नये म्हणून! वीस वर्षं पहिलीच्या पोरांकडून बाराखडी घोटून घेणाऱ्या बाई आता या वयात पुन्हा बिगरीत बसल्या होत्या. आठवडाभर लपूनछपून भाजीच्या यादीमागे अक्षरं गिरवायच्या. स्वराआधी काढायचा गोल मुका, त्याला उच्चारच नाही. र आणि ल यांना मिळून एकच अक्षर. त्यांना पहिल्यांदा वाचता आलेला शब्द होता ‘आई’, आणि तो पानापानावर होता.

लेक बदलली होती. उलट उत्तरं बंद, भांडी न सांगता घासलेली. परवा पाठीमागून मिठी मारून विचारलं, “आई, तुला एकटीला भीती वाटते का गं?” त्यात माळ्यावर भरलेली बॅग दिसली आणि बाईंची खात्रीच पटली. पोरगी कुणाचा तरी हात धरून निघाली! नवऱ्यापाशी विषय काढला, तर “वय आहे, होतं असं,” म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

शेवटच्या पानावर बोट ठेवून बाई ओठ हलवत जुळवू लागल्या. र... वि... वा... री. रविवारी जायचं पक्कं झालं. आईला सांगायचं नाही.

बाईंनी नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

“अहो, रविवारी जायचं पक्कं झालंय!”

पलीकडून हळू आवाजात, “तुला कोणी सांगितलं?”

“तिच्या वहीत आहे.”

“तुला वाचता येतं ते?”

“शिकले. तुम्ही आधी घरी या.”

“येतो. वही मिटून ठेव. पुढचं वाचू नकोस.”

पण कुठे, कुणाबरोबर, एवढं कळलं तर पोरीला वाटेत तरी अडवता येईल. बाईंनी डोळे पुसले आणि उरलेली ओळ जुळवायला घेतली. चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून लागल्या. अर्धा तास गेला.

बाबांना जायचं तर जाऊ दे. मी आईजवळच राहणार.