फ्लॅनेलींचा विस्तव

फ्लॅनेली हे आडनाव आयर्लंडमधल्या आमच्या मेयो परगण्यात आलं, तेच आपल्या जुन्या चुलीतला विस्तव घेऊन. दुष्काळात जमीनदारानं त्यांची घरं पाडली आणि एकेक जण अमेरिकेच्या जहाजावर चढला. जाताना विस्तव आमच्या चुलीत ठेवून गेले. परत येईल त्यानं मागून न्यायचा.

त्यांच्यातली मागे उरलेली ऑनरकाकू आमच्याकडेच राहते. आज दुपारी विस्तव विझायला लागला.

"पेट रे बाबा, पेट! माझा ओवेन अजून जहाजावर आहे."

"काकू, किती फुंकशील? सरक, मी बघते."

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर कोरडं ऊन होतं. अंगणभर फ्लॅनेली उभे होते, सगळ्यांच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. पुढे ओवेन.

"आई, विस्तव घे. चल."

काकू उठली. मी मागून तिची शाल घट्ट धरली.

शाल ओलीचिंब होती.